स्टेशनाजवळचं बिझनेस हॉटेल : जपानला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

जपानचा प्रवास स्वतः आखणाऱ्या वाचकांच्या पत्रांमध्ये या वेळी बहुतेकांचा रोख राहण्याच्या जागेवर होता. उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. जपानमधलं बिझनेस हॉटेल हे मुळात कंपनीच्या कामासाठी एका रात्रीपुरत्या आलेल्या, एक छोटी बॅग घेतलेल्या एकट्या माणसासाठी बांधलेलं असतं. खोलीचं माप, नाश्त्याची वेळ, स्टेशनाला खेटून असलेली जागा, सगळं त्याच्या सोयीचं. चौघांचं कुटुंब सहा बॅगा घेऊन तिथे पाच दिवस राहू शकतं, पण त्याचा हिशोब घरूनच करून निघायला हवा.

प्रश्न : हॉटेलच्या माहितीत ‘स्टेशनापासून चालत तीन मिनिटं’ असं लिहिलंय. माझ्याबरोबर सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन मोठ्या बॅगा असतील. ही तीन मिनिटं कितपत खरी धरायची? — एक वाचक, पुणे

मिनिटं खरी असतात. ती कुठून मोजली ते पाहायचं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी ठरलेला नियम आहे : ८० मीटरला एक मिनिट, वर उरलेल्या तुकड्याचंही पूर्ण मिनिट. हॉटेलंही साधारण हाच हिशोब वापरतात. म्हणजे तीन मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त २४० मीटर. पण यात सिग्नलला थांबणं आणि जिने धरलेले नसतात, आणि मोजणी सुरू होते ती स्टेशनाच्या सर्वांत जवळच्या दारापासून, फलाटापासून नाही. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनाला दोनशेच्या वर दारं आहेत. तिथे फलाटापासून योग्य दारापर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं लागली तर नवल वाटायला नको.

म्हणून आरक्षणाआधी हॉटेलच्या माहितीतून दाराचं नाव किंवा क्रमांक काढा. मग स्टेशनाच्या नकाशात त्या दाराला लिफ्ट आहे का ते बघा. भुयारी रेल्वेच्या ‘ए ३’सारख्या क्रमांकाच्या कितीतरी दारांना फक्त जिना असतो आणि लिफ्ट भलत्याच कोपऱ्यावर, रस्त्याच्या पलीकडे उघडते. आई-वडील बरोबर असतील तर सर्वांत जवळचं दार विसरा. लिफ्टचं दार धरून पुन्हा अंतर मोजा.

दुसरी गोष्ट बाजूची. मोठ्या स्टेशनांना दोन तोंडं असतात आणि त्यांची वस्ती वेगळी. टोकियो स्टेशनाची पश्चिम बाजू मारुनोउची, पूर्व बाजू याएसु. शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, फलाट याएसुच्या अंगाला. क्योटोमध्ये शिंकान्सेन दक्षिणेला, हाचिजो दाराजवळ, तर शहरात फिरवणाऱ्या बसचे मुख्य थांबे उत्तरेला, कारासुमा बाजूला. नागोयाला शिंकान्सेनसाठी पश्चिमेचं ताइको-दोरी दार जवळचं. चुकीच्या बाजूच्या फाटकातून बाहेर पडलात की परत आत शिरायला तिकीट लागतं, नाहीतर फाटकांच्या बाहेरून जाणारा मोकळा रस्ता शोधत लांबचा वळसा पडतो. क्योटोत दोन रात्री राहून बसनं देवळं बघायची असतील तर आम्ही उत्तर बाजू सुचवू. सकाळी सातची शिंकान्सेन पकडून पुढे जायचं असेल तर दक्षिण.

आणि नावातलं ‘शिन’ नीट वाचा. शिन-ओसाका आणि ओसाका ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. शिंकान्सेन फक्त शिन-ओसाकाला थांबते; तिथून ओसाका लोकलनं एका थांब्यावर, चारेक मिनिटांवर. योकोहामा आणि शिन-योकोहामा हीही अशीच दोन वेगळी स्टेशनं. शिन-ओसाकाभोवती रात्री फिरण्यासारखं फारसं काही नाही, त्यामुळे तिथला मुक्काम पहाटेच्या गाडीसाठीच करावा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको. ‘सेमी-डबल’ खोली ‘डबल’पेक्षा बरीच स्वस्त दिसते. घ्यावी का? — एक वाचक, नाशिक

सेमी-डबल म्हणजे साधारण १२० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग. डबल म्हणजे १४० किंवा त्याहून थोडा जास्त. १२० मध्ये दोघं म्हणजे प्रत्येकाला दोन फूटसुद्धा नाही, आणि बहुतेक वेळा पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली, म्हणजे आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. एका रात्रीसाठी चालतं. दोन रात्री किंवा जास्त असेल तर दोन स्वतंत्र पलंगांची ‘ट्विन’ घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पलंगापेक्षाही आधी खोलीचं क्षेत्रफळ बघा. ते चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं आणि त्यात न्हाणीघरही मोजलेलं असतं. १२ ते १४ चौरस मीटर हे नेहमीचं माप. १२ मध्ये दोन मोठ्या सुटकेस एकाच वेळी जमिनीवर उघडता येत नाहीत. एक उघडायची, कपडे काढायचे, बंद करून पलंगाखाली सरकवायची, मग दुसरी. पलंगाखाली जागा मोकळी आहे का, हे फोटोत दिसतं. दोघांना मोकळेपणानं राहायचं तर १८ च्या खाली जाऊ नका.

आणखी एक. जपानी हॉटेलांत भाडं बहुधा माणशी ठरतं. एकट्याच्या नावानं खोली घेऊन दोघं जाऊन राहणं चालत नाही. काउंटरवर फरक भरावा लागतो, कधी खोलीच नाकारली जाते. शोधतानाच माणसांचा आकडा बरोबर घाला. लहान मुलांना आई-वडिलांच्या पलंगावर फुकट झोपू देतात, पण वयाची अट प्रत्येक हॉटेलची वेगळी, कुठे शाळेआधीपर्यंत, कुठे बारा वर्षांपर्यंत. तीही आरक्षणाआधी वाचा.

प्रश्न : आमचं विमान रात्री अकराला हानेदाला उतरतं. हॉटेल शहरात घ्यावं की विमानतळाशी? आणि परतीचं विमान नारिताहून सकाळी आठला आहे. — एक वाचक, ठाणे

टोकियोत रात्रभर गाड्या नसतात. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात शेवटच्या गाड्या सुटतात आणि पुन्हा पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. अकराला उतरून पासपोर्ट, बॅगा, कस्टम आटोपेपर्यंत बारा वाजायला आलेले असतात. शिनागावा या टोकियोतल्या मोठ्या स्टेशनापर्यंत केइक्यु रेल्वेनं पंधरा मिनिटांच्या आत पोचता येतं, पण विमान अर्धा तास उशिरा आलं की ती शेवटची गाडी गेली. मग टॅक्सी, आणि रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीचं भाडं वीस टक्क्यांनी चढतं. त्या रात्री हानेदालाच किंवा त्याच रेल्वेमार्गावर जवळ राहा.

नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर. टोकियो स्टेशनाहून थेट एक्सप्रेसला जवळजवळ तास लागतो. आठच्या विमानासाठी सहाच्या सुमारास पोचायचं तर पहिल्या गाडीवरही भरवसा ठेवता येत नाही. आदली रात्र नारितातच काढा आणि हॉटेलची विमानतळाची बस पहाटे किती वाजता सुरू होते ते विचारून ठेवा. जागा भरल्या की बस थांबत नाही. काही ठिकाणी आदल्या रात्री नाव नोंदवावं लागतं.

तारखेत खूप जण फसतात. ५ तारखेच्या रात्री एक वाजता हॉटेलात पोचणार असाल तर आरक्षण ४ तारखेचं हवं. हॉटेलच्या माहितीत प्रवेशाची वेळ ‘२५:००’ किंवा ‘२६:००’ अशी दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. ते मध्यरात्रीनंतरचे एक आणि दोन. आरक्षण करताना पोचण्याची वेळ विचारतात. तिथे रात्री आठ टाकून बाराला उगवलात आणि मध्ये कळवलं नाहीत, तर न आलेला पाहुणा समजून खोली रद्द करण्याची मुभा हॉटेलला असते. उशीर होतोय असं दिसताच फोन किंवा मेल करा. एवढ्यावर काम होतं.

उलट बाजूनं, रात्रीच्या बसनं सकाळी सहाला पोचणाऱ्यांनी खोली लगेच मिळेल ही आशा धरू नये. प्रवेश दुपारी तीनला, काही ठिकाणी दोनला. बॅगा मात्र सकाळपासून काउंटरवर ठेवून घेतात, तेही फुकट.

प्रश्न : टोकियोहून क्योटोला जाताना मोठ्या बॅगा शिंकान्सेनमध्ये नेता येतात का? — एक वाचक, कोल्हापूर

येतात, माप बघून. टोकियोहून क्योटोला जाणाऱ्या तोकाइदो शिंकान्सेनवर, तसंच सान्यो आणि क्युशू या मार्गांवर मे २०२० पासून नियम आहे. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर आणि २५० पर्यंत असलेल्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे सामानाची जागा असलेली आसनं राखून घ्यावी लागतात. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण आरक्षणाशिवाय अशी बॅग आणलीत तर १००० येन भरावे लागतात. २५० च्या वरची बॅग नेताच येत नाही. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंटीमीटर असल्यानं तुमची साधी मोठी सुटकेस बहुधा नियमाच्या आत बसते आणि डोक्यावरच्या फळीवर मावते. प्रश्न ती तेवीस किलोची बॅग वर चढवण्याचा.

म्हणून आमचा सल्ला : बॅग हॉटेलातून हॉटेलात पाठवा. या सेवेला ताक्युबिन म्हणतात आणि बिझनेस हॉटेलच्या काउंटरवर ती सर्रास मिळते. पावती भरताना पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन लिहायचा. शिवाय आरक्षण ज्या नावानं आहे तेच नाव आणि तिथे पोचण्याची तारीख. तारीख राहिली की तिथल्या काउंटरवर बॅग कोणाची ते कळत नाही आणि कधी ती परत पाठवली जाते. टोकियो, क्योटो, ओसाका यांच्यात दुसऱ्या दिवशी पोचते; होक्काइदो किंवा क्युशूसाठी एखादा दिवस जास्त धरा. विमानतळावर पाठवायची तर किमान दोन दिवस आधी. वजनाची मर्यादा ३० किलो. सकाळी किती वाजेपर्यंत दिली तर त्याच दिवशी निघेल, ते आदल्या रात्रीच विचारा. एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि रोख पैसे पाठीवरच्या पिशवीत.

प्रश्न : न्हाणीघराच्या फोटोत टब, बेसिन आणि कमोड एकाच डबीत कोंबलेले दिसतात. आंघोळ केली की सगळीकडे पाणी होत नाही का? — एक वाचक, नागपूर

पडदा बाहेर राहिला तर होतं. या प्रकाराला युनिट बाथ म्हणतात. १९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियोत हजारावर खोल्यांचं हॉटेल न्यू ओतानी घाईनं उभारायचं होतं, तेव्हा कारखान्यात तयार करून आणलेली ही न्हाणीघरं तिथे बसवली आणि मग ती देशभर पसरली. जमीन, भिंती, टब यांचे साचातून काढलेले भाग जोडलेले असतात आणि नळ्या खालून जातात, म्हणून दाराशी वीतभर उंच पायरी असते. रात्री झोपेत तिथे ठेच लागते. वयस्कर माणसांना आधी दाखवून ठेवा.

आंघोळ टबच्या आत उभं राहून करायची आणि पडद्याचं खालचं टोक टबच्या आत सोडायचं. जुन्या हॉटेलांत बेसिन आणि टब दोन्हीसाठी एकच लांब तोटी असते, ती ज्याच्यावर वळवाल तिथे पाणी. शॉवरसाठी वेगळी खिट्टी. आधीच्या माणसानं ती शॉवरवर ठेवलेली असेल तर तोंड धुवायला वाकलात की डोक्यावर पाणी. नव्या नळांवर एका बाजूला तापमानाची चकती असते. ती ४० अंशांवर अडते. पुढे न्यायची तर तिच्यावरचं छोटं बटण दाबून फिरवावी लागते. बिघडलीय असं समजून काउंटरला फोन करणारे पुष्कळ.

गरम पाणी सोडून दार उघडं ठेवू नका. वाफ खोलीत जाऊन छतावरचा धुराचा सेन्सर वाजू शकतो. पंखा चालू राहू द्या. पुष्कळ ठिकाणी टबच्या वर भिंतीतून ओढून काढायची दोरी असते, तिच्यावर हाताने धुतलेले कपडे सकाळपर्यंत वाळतात. जास्त कपडे असतील तर हॉटेलातच नाणी टाकून चालवायची वॉशिंग मशिनं असतात. रात्री आठ ते अकरा ती रिकामी मिळणं कठीण, संध्याकाळी सहाच्या आत उरका.

कमोडला पाण्याचा फवारा जवळजवळ सगळीकडे असतो, त्यामुळे आपल्या लोकांची ती काळजी नाही. आसनावर बसल्याशिवाय तो सुरू होत नाही. थांबवायचं बटण बहुधा चौकोनी खुणेचं. आधी ते शोधा, मग बाकीची दाबा. कागद कमोडमध्येच टाकायचा.

प्रश्न : आमचा छोटा विजेचा कुकर नेला तर खोलीत खिचडी होईल का? — एक वाचक, सांगली

दोन कारणांनी नाही. पहिलं, खोलीत स्वयंपाकाला मनाई असते आणि सेन्सर तुमच्या फोडणीची वाट बघत असतो. दुसरं कारण विजेचं. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तापवणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टच्या वर्गानं घटते, म्हणजे इथला १००० वॉटचा कुकर तिथे जेमतेम १९० वॉटचा होतो. जे एक लिटर पाणी घरी पाच-सहा मिनिटांत उकळतं, त्याला तिथे अर्धा तास. खोलीत किटली असते, ती वापरा. उकळतं पाणी घालून होणारे पोहे-उपमा त्यावर भागतात. उलट, तिथे फक्त १०० व्होल्टसाठी बनलेला कुकर विकत घेऊन घरी सरळ लावलात तर तो जळेल.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असतं, ते चालतात. सॉकेट दोन चपट्या पात्यांचं असतं. आपल्या तीन गोल पिनांचं त्यात जात नाही, म्हणून अडॅप्टर हवाच, आणि तो शेवटी दोनच पाती असलेला घ्या. तीन पिनांचा अमेरिकी अडॅप्टर बहुतेक खोल्यांत बसत नाही. पलंगाशी एकच सॉकेट असतं, तेव्हा एक्स्टेंशन न्या, पण त्यावर काही तापवू नका.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. फुकट नाश्ता मिळणारं हॉटेल घेतलं तर सकाळची सोय होईल ना? — एक वाचक, सोलापूर

होईल, पण थोडकी. अडचण मांसाची कमी, माशाच्या अर्काची जास्त. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, गोडसर गुंडाळलेलं आम्लेट, या सगळ्यांत ‘दाशी’ हा अर्क असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम, मसाला लावलेल्या नोरीत (समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात) झिंग्याचा किंवा माशाचा अर्क, भाजीच्या दिसणाऱ्या करीच्या रश्शातही मांसाचा अंश. नात्तोबरोबर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर, मिळणारी सॉसची पुडी बाजूला ठेवा.

डोळे झाकून घेण्यासारखं : पांढरा भात, फळं, साधं कच्चं सॅलड ड्रेसिंग न घालता, दूध, कॉफी. दह्यात कधी जिलेटिन असतं. पाव-लोण्याचं ज्याच्या त्याच्या कडकपणावर. यासाठी जास्त भाडं देण्यात अर्थ नाही. नुसत्या झोपण्याचा दर, ज्याला ‘सुदोमारी’ म्हणतात, तो घ्या आणि लोणचं-चटणी बरोबर न्या. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ताही तपासणीच्या दाखल्याशिवाय नाही.

काउंटरवर तोंडी ‘व्हेजिटेरियन’ सांगून समोरच्याला मासा वगळायचा हे कळेलच असं नाही. ‘निकु, साकाना, दाशी, ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासे, दाशी खाता येत नाही, हे जपानी लिपीत फोनवर लिहून दाखवा.

प्रश्न : रुळांकडची खोली मिळाली तर झोप होईल का? — एक वाचक, मुंबई

शिंकान्सेन रात्री बारा ते सकाळी सहा बंद असते. साध्या मार्गांवर मात्र मालगाड्या आणि दुरुस्तीची कामं रात्री चालतात. दुहेरी काचेमुळे बरंच अडतं. खरा त्रास लिफ्ट, बर्फाचं मशिन आणि वॉशिंग मशिनशेजारच्या खोल्यांना होतो, तेव्हा ‘लिफ्टपासून लांब’ एवढीच विनंती करा. वरचा मजला शांत खरा, पण भूकंपाचा धक्का बसला की लिफ्ट आपोआप थांबते आणि मोठ्या धक्क्यानंतर तपासणी होईपर्यंत सुरू करत नाहीत. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर चौथ्या-पाचव्या मजल्यावर समाधान माना. पलंगाजवळ भिंतीला लावलेली बॅटरी असते, ती खाचेतून ओढली की आपोआप पेटते.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये खोलीत उकडतं आणि एसी गार हवाच देत नाही, असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जुन्या इमारतींत खरं आहे. तिथे अख्ख्या इमारतीला एकच पाणी फिरतं, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम. बदल ठरलेल्या सुमारास होतो. मग खोलीतला आकडा कितीही खाली आणा, फक्त पंखा फिरतो. काउंटरवरून टेबल-पंखा मागा, खिडकी चार बोटं उघडते तेवढी उघडा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी खोलीगणिक वेगळा एसी आहे का, हे आधी विचारावं. त्याच वेळी धूम्रपानाची खोली नाही ना, तेही तपासा. स्वस्त दरात उरलेल्या खोल्या बऱ्याचदा त्याच असतात.

प्रश्न : आरक्षणात पैसे भरले तरी काउंटरवर पुन्हा काही घेतात का? पासपोर्ट ठेवून घेतात का? — एक वाचक, रत्नागिरी

शहराचा निवास-कर बऱ्याचदा तिथेच घेतात. टोकियोत तो २००२ पासून आहे : माणशी एका रात्रीचं भाडं १०,००० येनच्या आत असेल तर काही नाही, १५,००० च्या आत १०० येन, त्यावर २००. क्योटोत २०१८ पासून आहे आणि तिथे स्वस्त खोलीलाही लागतो. दर बदलत असतात, म्हणून निघताना शहराच्या संकेतस्थळावर पाहा. गरम झऱ्याचं स्नानगृह असलेल्या हॉटेलात वेगळा स्नान-करही असतो, साधारण १५० येन. टीप देऊ नका, कोणी घेत नाही.

जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत काढणं हॉटेलला बंधनकारक आहे. सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, प्रत काढून लगेच परत देतात. कायद्यानं परदेशी प्रवाशानं पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असतो, म्हणून तो खोलीत ठेवून फिरायला जाऊ नका.

खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा, काही ठिकाणी अकरा, आणि दहा म्हणजे दहाच. पुढे तासाच्या हिशोबानं पैसे लागतात. साडेनऊ ते दहा लिफ्टला रांग असते, बॅगा सव्वानऊलाच खाली आणा. बॅगा संध्याकाळपर्यंत काउंटरवर राहतात, फक्त मिळालेलं टोकन हरवू नका.